वाई परिसरात सायकलने फिरण्यासाठी मार्ग कसे आखावेत?

मुक्कामपोस्ट :

नमस्कार. दिवाळी उरकल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझे यजमान माझ्या मावशीकडे राहायला येणार आहोत. मावशीचे गाव वाई आणि पाचवड यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. दोघांच्याही सायकली गाडीवर बांधून आणायच्या आहेत. माझी रोडबाइक आहे. तिचे टायर २५ मिलिमीटरचे असून पुढे ५०-३४ आणि मागे ११-२८ असे दाते आहेत. यजमानांची हायब्रिड आहे आणि तिला ३२ मिलिमीटरचे टायर आहेत. ठाण्यात दर रविवारी चाळीसेक किलोमीटर चालवण्याचा त्यांना सराव आहे. मात्र खरा घाट त्यांनी अजून चढलेला नाही.

माझी अडचण अशी आहे, की मोबाइलवरील नकाशाच्या ॲपमध्ये मावशीच्या गावापासून ५०-६० किलोमीटरचा गोल मार्ग मागितला, की त्यात कुठे ना कुठे पुणे-बंगळूर महामार्गाचा तुकडा येतोच, आणि तो वगळायला सांगितले, तर ॲप शेतातल्या पाणंदीतून रस्ता काढून देते. आम्हांला वेगाचे किंवा अंतराचे कोणतेही लक्ष्य गाठायचे नाही. पाणी, डोंगर, जुनी देवळे पाहत, मधे चहाला थांबत, दुपारच्या जेवणाला घरी परत येता येईल असे मार्ग हवे आहेत. कास पठार या दिवसांत पाहण्यासारखे असते का, ॲपमध्ये दाखवलेल्या चढाच्या आकड्यांवर कितपत विसंबावे, आणि नवख्या माणसाला बरोबर घेऊन वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट चढावा की नाही, या तीन गोष्टींबाबत येथील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठचा :

मार्ग गोलच असावा हा आग्रह आपण सोडलात, तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतील. आपल्या ॲपला महामार्ग का टाळता येत नाही, याचे उत्तर इथल्या डोंगरांच्या ठेवणीत आहे. महाबळेश्वरच्या मुख्य डोंगरापासून पूर्वेला आणि आग्नेयेला लांब सोंडा निघतात, आणि त्या सोंडांच्या मधल्या खोऱ्यांतून कृष्णा, कुडाळी, वेण्णा, उरमोडी या नद्या वाहतात. नदीच्या बाजूने जाणारा रस्ता जवळजवळ सपाट असतो. एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात उतरायचे, तर घाट किंवा खिंड ओलांडावी लागते. या सोंडा जिथे बसक्या होत जातात, नेमक्या त्याच पट्ट्यातून महामार्ग उत्तर-दक्षिण गेलेला आहे. त्यामुळे गोल मार्ग म्हटला, की एक तर दोन वेळा डोंगर ओलांडा, नाही तर महामार्गावर या, एवढेच पर्याय ॲपपुढे उरतात.

म्हणून माझे मत असे आहे, की या भागात सायकलसाठी सर्वांत चांगले रस्ते ते, जे पुढे कुठेच जात नाहीत. ज्या रस्त्याने पलीकडच्या गावाला जाता येत नाही, त्यावर पर्यटकांच्या गाड्या नसतात, मालट्रक नसतात. असतात ती त्याच गावांतली दुधाची किटली लावलेली मोटरसायकल, शाळेची मुले आणि दिवसातून मोजक्या वेळा येणारी एसटी. आल्या वाटेने परत जाणे कंटाळवाणे होईल असे आपल्याला वाटेल. पण खोऱ्यात जाताना समोर डोंगर असतो आणि येताना समोर पाणी व सखल शेती असते, त्यामुळे एकाच रस्त्याचे दोन रस्ते होतात.

आपल्या मुक्कामापासून यासाठी धोमचे खोरे सर्वांत सोयीचे आहे. सकाळी वाईत गणपती घाटावर या, तिथून मेणवलीला जा. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या पाठीमागचा कृष्णेवरचा घाट आवर्जून पाहा. त्या घाटावरच्या छोट्या देवळीत मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, जी वसईच्या मोहिमेतून आली असे सांगतात. आपण क्लीट (पायडलला अडकणारी तळाची पट्टी) लावलेले बूट घालत असाल, तर घाटाच्या पायऱ्या उतरण्यापूर्वी ते काढून ठेवा, कारण पाण्यालगतचा दगड घासून गुळगुळीत झालेला आहे आणि क्लीटखाली तो अजिबात धरत नाही. पुढे धोम गावात नृसिंहाचे आणि महादेवाचे देऊळ आहे. तिथला नंदी कासवाच्या पाठीवर बसवलेला आहे. कुंडात पाणी भरलेले असले, की तो तरंगत असल्यासारखा दिसतो. तिथून रस्ता धरणाच्या पाण्याच्या कडेने पश्चिमेला बलकवडी धरणाकडे आणि अखेर जोरकडे जातो. जोर म्हणजे महाबळेश्वरच्या कड्याच्या थेट पायथ्याचे गाव. पुढे फक्त पायवाटा आहेत. पूर्ण टोकापर्यंत जाण्याची सक्ती करून घेऊ नका, पाय म्हणतील तिथून वळा. दुसऱ्या एखाद्या दिवशी पाण्याच्या दक्षिण काठाने कमळगडाच्या पायथ्याशी, वासोळ्याच्या बाजूला जा. उत्तरेच्या काठावरून जो कमळगड आपण लांबून पाहिला असेल, तो इथे डोक्यावर येतो.

वेळेबाबत एक सूचना आहे. हे खोरे पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे सकाळी आत जाताना ऊन पाठीवर असते आणि समोरचे डोंगर उजळलेले दिसतात. मात्र त्याच वेळी समोरून वाईकडे येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर थेट सूर्य असतो, आणि आपण त्याला दिसलो आहोत असे गृहीत धरता येत नाही. भडक रंगाचे जॅकेट आणि पुढचा दिवा दिवसाही चालू ठेवणे, हे म्हणूनच इथे जास्त महत्त्वाचे आहे. शिवाय हिवाळ्यात पहाटे वारा पडलेला असतो आणि ऊन वाढेल तसा पूर्वेकडचा कोरडा वारा सुटतो, म्हणजे परतीला तो तोंडावर येतो. दहाच्या आत वळलेले बरे.

जावळीकर :

कृष्णाकाठचा यांनी धोमबद्दल जे लिहिले आहे, त्याला माझी पूर्ण संमती आहे. पण गोल मार्गाला त्यांनी सरसकट काट मारली, ते पटले नाही. डोंगर ओलांडणे हीच ज्यांची हौस आहे, त्यांनी काय करावे? वाईहून पसरणी घाटाने पाचगणी, तिथून महाबळेश्वर, मग केळघर घाटाने खाली मेढा, आणि मेढ्याहून कुडाळमार्गे पाचवड, असा शंभर किलोमीटरच्या आसपास जाणारा गोल मार्ग या जिल्ह्यात आहे आणि त्यात महामार्ग जवळजवळ येत नाही. कृष्णेच्या खोऱ्यातून वर जायचे, वेण्णेच्या खोऱ्यात उतरायचे आणि कुडाळीच्या काठाने घरी यायचे. तीन खोरी एका दिवसात समजतात. आपल्या सायकलीच्या दात्यांवर हे जमण्यासारखे आहे. मात्र दिशा उलटी करू नये, कारण केळघर घाट चढायला अधिक दमवणारा आहे.

आता यजमानांबाबत. पसरणी घाट नवख्या माणसासाठी मला तरी योग्यच वाटतो. वाईची उंची ७०० मीटरच्या थोडी वर आणि पाचगणीची १३०० च्या किंचित खाली, मधले अंतर साधारण १२ किलोमीटर. म्हणजे दर १०० मीटरला सरासरी पाच मीटरच्या आत-बाहेर चढ, आणि तो बराच एकसारखा आहे. अचानक भिंत उभी राहत नाही. पहिल्या वळणापासूनच सर्वांत हलका गिअर लावावा, शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच जोराने पायडल मारावे, आणि दम लागला तर वळणाच्या बाहेरच्या रुंद जागेत थांबावे, आतल्या बाजूला नव्हे. वर चढत गेले, की एका बाजूला वाईचे छप्परांचे गाव आणि मागे धोमचे पाणी दिसू लागते. थांबण्यासाठी ते निमित्त पुरेसे आहे, कोणाला लाज वाटण्याचे कारण नाही. माकडे पुष्कळ आहेत. हातात किंवा मागच्या खिशात केळे उघडे ठेवून थांबू नये.

शनिवार-रविवार मात्र कटाक्षाने टाळा. पाचगणीची गर्दी सकाळी आठपासून घाटात लागते आणि मग धूर खात चढावे लागते. मंगळवार-बुधवारी उजाडताना निघालात, तर पाचगणीत नाश्ता करून घाट उतरेपर्यंत रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतो.

उतारावर एक काळजी घ्यावी. रिमला ब्रेक असलेल्या सायकलीवर ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्याची नवख्यांना सवय असते. त्याने रिम तापते, पॅड झिजतात आणि हाताची बोटे आखडतात. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग पुरेसा कमी करावा, वळणात ब्रेक सोडावा, आणि सरळ रस्त्यावर हाताला विश्रांती द्यावी. वर चढताना घामाने भिजलेले अंग उतारावर गारठते. महाबळेश्वरला त्या दिवसांत सकाळची थंडी चांगलीच असते, म्हणून पातळ विंडचीटर बरोबर हवाच. नसेल तर जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवावी. जुन्या घाटचालकांचा हा उपाय आजही तितकाच काम देतो.

उसाचा मळा :

ताई, वरच्या दोघांनी डोंगर सांगितले. मी खालचे सांगतो, कारण आपला मुक्काम नेमका उसाच्या पट्ट्यात आहे आणि त्या सुमारास गाळप हंगाम सुरू झालेला असतो. भुईंजचा कारखाना आपल्या जवळच आहे. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून ऊस दिवसरात्र जात असतो, आणि अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा तर सोडाच, लाल पट्टीही नीट दिसत नाही. भरलेल्या ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना उसाची टोके हातभर बाहेर आलेली असतात आणि ती बरोबर सायकलच्या हँडलच्या उंचीला येतात. ट्रॅक्टर ओलांडून पुढे जाण्याइतका सायकलचा वेग असतो, त्यामुळे मोह होतो. पण अरुंद रस्त्यावर दुसरी ट्रॉली वळणात आत येते आणि मधे जागा उरत नाही. मागे राहावे, आणि तेही खूप अंतर ठेवून, कारण वरून मोळ्या घसरतात.

दुसरी गोष्ट चिखलाची. रात्री शेताला पाणी दिलेले असले, की सकाळी ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते, आणि दव पडले, की त्या मातीचा साबणासारखा थर होतो. शेतातून रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी वेग कमी करावा. तिसरी गोष्ट गतिरोधकांची. प्रत्येक गावाच्या आधी आणि नंतर ते असतात, बहुतेकांवर पांढरा पट्टा नसतो, आणि झाडाच्या सावलीत ते दिसत नाहीत. आपल्या २५ च्या टायरला असा एक गतिरोधक जोरात लागला, तर ट्यूबला दोन भोके एकदम पडतात. शक्य असल्यास २८ चे टायर बसवून घ्या. बहुतेक नव्या फ्रेममध्ये ते मावतात, आणि थोडी कमी हवा ठेवून चालवता येते.

अंधार पडल्यावर रस्त्यावर राहू नये, एवढे नक्की पाळा. सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, आणि संध्याकाळी शेतातून परतणारी जनावरे, बैलगाड्या आणि ट्रॉल्या हे सगळे एकाच वेळी रस्त्यावर येते.

नकाशाप्रेमी :

चढाच्या आकड्यांचे थोडे स्पष्टीकरण देतो. अनेक ॲप जमिनीची उंची प्रत्यक्ष रस्त्यावर मोजत नाहीत. सन २००० मध्ये अवकाशयानातून रडारने केलेल्या मोजणीचे आकडे ती वापरतात, ज्यात साधारण ३० मीटरच्या चौकटीला एकच उंची दिलेली असते. सपाट भागात याने काही बिघडत नाही. पण घाटाचा रस्ता उभ्या डोंगराला खोबणीसारखा कोरलेला असतो. एका चौकटीत रस्ता, कडा आणि दरी तिन्ही येतात, आणि रेषा थोडी इकडे-तिकडे सरकली, की ॲपला वाटते आपण तीस मीटर चढलो आणि लगेच उतरलो. म्हणून घाटात एकूण चढाचा आकडा बहुधा फुगलेला असतो आणि तीव्रतेचे शेंडे खोटे असतात. खात्रीचा हिशेब एकच : घाटाच्या पायथ्याची उंची, माथ्याची उंची आणि मधले अंतर, जसा जावळीकरांनी पसरणीचा केला.

पण हा हिशेबही सबंध मार्गाला लावला, तर फसवतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण कास आहे. सातारा शहर ७०० मीटरच्या आसपास, कास १२०० च्या आसपास आणि अंतर सुमारे २५ किलोमीटर. सरासरी काढली तर चढ फारच सौम्य वाटतो. प्रत्यक्षात त्यातला बराच मोठा भाग शहर सोडताच यवतेश्वरच्या घाटात चढावा लागतो आणि पुढचा रस्ता माथ्यावरून खाली-वर होत जातो. यजमानांनी यवतेश्वरला पोहोचून हार मानली नाही, तर पुढे कास त्यांना जडच जाणार नाही. मात्र बामणोलीचा मोह आवरा. कासवरून बामणोलीपर्यंत सुंदर उतार आहे, पण बामणोली शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठी, ६६० मीटरच्या थोडीशीच वर आहे, म्हणजे साताऱ्यापेक्षाही खाली. तिथवर गेलात, तर परतीला पुन्हा पाचशे मीटर चढायचे आहेत, तेही उन्हात. बामणोलीला जायचेच असेल, तर गाडी तिथे बोलावून ठेवावी.

कास त्या दिवसांत पाहण्यासारखे आहे का, असे आपण विचारले आहे. फुले नसतील. सोनकी, तेरडा, गेंद, सीतेची आसवे यांचा बहर ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि त्या काळात प्रवेशासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कास असल्याने हंगामात सुट्टीच्या दिवशी त्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि सायकल चालवण्यात काही अर्थ राहत नाही. नोव्हेंबरअखेर गवत पिवळे पडलेले असते, हवा स्वच्छ असते, एका बाजूला उरमोडी धरणाचे आणि दुसऱ्या बाजूला कण्हेर धरणाचे पाणी दिसते, आणि रस्ता मोकळा असतो. सायकलस्वाराचे कास हेच, असे मी म्हणेन. आपल्या मुक्कामापासून साताऱ्यापर्यंत सायकली गाडीवर न्या. जाताना लिंब फाट्यावरून आत वळून बारामोटेची विहीर पाहता येईल.

सांगलीवाडी :

विषय वाईचा असला, तरी एक भर घालतो. यजमानांना घाटाची धास्ती वाटलीच, तर एक दिवस गाडीत सायकली टाकून सांगलीकडे यावे. इकडे कृष्णा संथ आहे आणि रस्ते सपाट आहेत. सांगलीहून नदीच्या कडेकडेने औदुंबरला जावे, दत्ताच्या घाटावर बसावे, पलीकडे भिलवडीच्या बाजूची भुवनेश्वरी पाहावी आणि परत यावे. संध्याकाळी हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहेच. ऊसवाहतुकीबद्दल वर जे लिहिले आहे, ते इथे तितकेच लागू आहे. सायकल रेल्वेने आणायची असल्यास पुणे-मिरज मार्गावरील गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये लगेज म्हणून नोंदवता येते. मात्र गाडी छोट्या स्थानकावर फार थोडा वेळ थांबते, त्यामुळे मिरजेला उतरवणे सोयीचे.

मुक्कामपोस्ट :

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांशी बोलून असे ठरवले आहे, की पहिल्या दिवशी मेणवली, धोम आणि जमेल तितके पुढे जायचे, मधे एक दिवस विश्रांती घ्यायची, मग बुधवारी पसरणी घाट पाचगणीपर्यंत, आणि तो त्यांना मानवला तरच कास. मोठा गोल मार्ग मी एकटीने करावा की नाही, हे तिथे आल्यावर हवा पाहून ठरवेन. टायर २८ चे बसवायला दिले आहेत. एकच शंका उरली : वाईत किंवा गावांमध्ये पंक्चर काढून मिळते का, की सगळे सामान आपणच आणावे?

उसाचा मळा :

पंक्चरची दुकाने रस्त्याने भरपूर आहेत; परंतु ती मोटरसायकल आणि ट्रॅक्टरसाठी आहेत. आपल्या रोडबाइकला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल, आणि त्यांच्या कॉम्प्रेसरची नळी त्यावर बसत नाही. थोड्या पैशांत मिळणारा पितळी ॲडाप्टर व्हॉल्व्हवर आधीच फिरवून ठेवलात, तर कोणत्याही दुकानात हवा भरता येईल; फक्त नळी आपल्या हाताने लावा आणि थोडी-थोडी हवा भरायला सांगा, कारण ट्रॅक्टरच्या हिशेबाने भरली, तर पातळ टायर फुटतो. आपल्या मापाच्या दोन जादा ट्यूब, ठिगळांची डबी, टायर काढायच्या पट्ट्या आणि छोटा पंप घरूनच आणा. यजमानांच्या ३२ च्या टायरची ट्यूब वेगळी असेल, ती विसरू नका. आणि पुढेमागे कोरेगावच्या पूर्वेला, औंध किंवा माण-खटावच्या बाजूला गेलात, तर रस्त्याच्या कडेच्या मातीवर सायकल उतरवू नका. तिकडे सराटे आणि बाभळीचे काटे इतके असतात, की फोटो काढायला थांबतानासुद्धा सायकल ढकलत न नेता उचलून न्यावी. काटा टोचला, तर तो टायरमध्ये मोडून राहतो, आणि आतून बोट फिरवून तो शोधून काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली, तर तीही लगेच जाते.